दूरच्या खेळाचे प्रेक्षक

खेळाचा इतिहास म्हणून जे काही लिहिले जाते तो बहुधा खेळाडूंचाच इतिहास असतो. कोणी किती धावा काढल्या, कोणी कोणास कोणत्या साली चीत केले, याची टिपणे काळजीपूर्वक राखली जातात. पण त्या खेळाकडे डोळे लावून बसलेल्या मंडळींची नोंद कोणी ठेवीत नाही. वास्तविक खेळाडू जितका आपल्या काळाचे अपत्य असतो तितकाच प्रेक्षकही असतो. विशेषतः आपल्या गावचे एखादे मूल दूरदेशी जाऊन तेथल्या नामांकितांशी झुंजू लागले, म्हणजे गावाच्या मनाची जी अवस्था होते ती मोठी अभ्यसनीय असते. ज्यांना त्या खेळातले ओ की ठो कळत नाही तेही निकालाची वाट पाहू लागतात; जय झाला तर ‘आपण जिंकलो’ म्हणतात आणि पराजय झाला तर ‘तो हरला’ म्हणतात. या दोन वाक्यांतील सर्वनामांचा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्यातच सामावलेला आहे.

२०२५ सालच्या जुलै महिन्यात नागपूर शहराने या अवस्थेचा अनुभव पुरेपूर घेतला. कु. दिव्या देशमुख या एकोणीस वर्षांच्या मुलीने जॉर्जिया देशातील बाटुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, ही हकीकत आता सर्वविश्रुत आहे. तथापि दूर गेलेल्या आपल्या खेळाडूकडे नागपूरकरांनी डोळे लावून बसण्याचा हा काही पहिला प्रसंग नव्हे. म्हणून आरंभ थोडा मागून केला पाहिजे.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला आणि त्यांचे शिक्षणही याच शहरी, हिस्लॉप कॉलेजात झाले. पुढे होळकर दरबाराच्या आश्रयाने ते इंदूरचे झाले, परंतु नागपूरने आपला हक्क कधी सोडला नाही. १९२६ सालच्या डिसेंबरात गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी सुमारे दोन तासांत १५३ धावा केल्या आणि त्यांत अकरा षटकार ठोकले. पुढे २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला तेव्हा नेतृत्व नायडूंकडेच आले. क्षेत्ररक्षण करताना हातास इजा झाली असूनही पहिल्या डावात भारताकडून सर्वांत अधिक धावा, चाळीस, त्यांच्याच होत्या. सामना इंग्लंडने १५८ धावांनी जिंकला.

आता त्या काळच्या प्रेक्षकाची कल्पना करावी. त्यास प्रेक्षक म्हणणे हे देखील शब्दाचे औदार्यच होय, कारण त्याने प्रेक्षिले काहीच नव्हते. लंडनहून तार निघावी, वर्तमानपत्राच्या कचेरीत ती उतरावी, दुसऱ्या दिवशी छापून यावी आणि मग वाचनालयात एकाने मोठ्याने वाचावी व दहांनी ऐकावी, असा तो क्रम. खेळ आणि त्याची वार्ता यांमध्ये एक रात्र पडलेली असे. या रात्रीचा एक मोठा गुण होता: प्रेक्षकास खेळाडूच्या खांद्यावर बसता येत नसे. फटका मारून झाला, चेंडू सीमेपार गेला, मंडळी घरी जाऊन झोपली, आणि त्यानंतर नागपुरातील रसिक उसासा टाकी किंवा टाळी वाजवी. त्याच्या उतावीळपणाचा उपद्रव लॉर्ड्सपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते.

याच काळातील एक दुसरे उदाहरण बुद्धिबळाचे आहे, आणि ते याच्या अगदी उलट आहे. पंजाबातील मीर सुलतानखान हे सर उमर हयातखान यांच्या पदरी होते. त्यांचे बाळपण देशी पद्धतीच्या बुद्धिबळात गेले. ज्या पद्धतीत प्यादे आरंभी दोन घरे चालत नाही ती ही आपली जुनी पद्धत. १९२९ साली ते धन्याबरोबर विलायतेस गेले, त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी जिंकले, आणि १९३२ व १९३३ साली ते पुन्हा मिळविले. त्याच घरात सेवेस असलेल्या फातिमा नावाच्या तरुणीने १९३३ साली ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळविले. एकाच हिंदी घराण्याच्या सेवकवर्गातून एकाच वर्षी इंग्लंडचे दोन्ही विजेते निघावेत, ही गोष्ट कादंबरीत आली असती तर वाचकांनी लेखकास अतिशयोक्तीचा दोष दिला असता! परंतु पुढे काय झाले? धनी स्वदेशी परतले, त्यांच्याबरोबर हे दोघेही परतले, आणि पट मिटला. सुलतानखान १९६६ साली वारले. ग्रँडमास्टर ही पदवी जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना सन्मानार्थ दिली ती २०२४ साली, म्हणजे मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. फातिमाबाईंचे नाव तर जाणकारांच्या टिपणांबाहेर राहिलेच नाही. त्यांच्या मागे कोणतेही गाव उभे नव्हते. त्यांच्यासाठी वाचनालयात तार मोठ्याने वाचली गेली नाही. ज्या खेळाडूस घरचा प्रेक्षक नाही त्याचे यश कसे वाऱ्यावर जाते, हे यावरून दिसते. प्रेक्षकांच्या दोषांविषयी आम्हांस पुढे बरेच लिहावयाचे आहे. म्हणून त्यांच्या अभावी काय होते हे येथेच सांगून ठेवणे न्यायाचे होईल.

महाराष्ट्राने बुद्धिबळातील आपल्या मुलींकडे मान वर करून पाहिले ते खाडिलकर भगिनींमुळे. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या घराण्यातील, ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तीन कन्या: वासंती, जयश्री व रोहिणी. १९७४ साली भारतातील पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे हे पद एकाच घरातील बहिणींमध्ये फिरत राहिले. जयश्री १९७९ साली भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणीने १९८१ साली आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट १९७६ सालची आहे. त्या वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि मोठा गदारोळ उडाला. प्रकरण जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स यूवे यांच्यापर्यंत गेले व स्त्रियांस अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय झाला. तेरा वर्षांच्या एका मुलीने पटावर बसावे की न बसावे, यासाठी एवढा खटाटोप लागला! पटावर स्त्री-पुरुष हा भेद नाही. तेथे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादी एवढीच जात आहे. भेद होता तो पाहणाऱ्यांच्या नजरेत.

अशा परंपरेत कु. दिव्या देशमुख हिचा उदय झाला. ९ डिसेंबर २००५ रोजी नागपुरात जन्मलेली ही मुलगी डॉक्टर दांपत्याची कन्या. पाचव्या वर्षाच्या सुमारास तिने मोहरी हाती धरली, २०१२ साली सात वर्षांखालील मुलींत राष्ट्रीय विजेती झाली, २०१४ साली डर्बन येथे दहा वर्षांखालील व २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद तिने मिळविले. २०२२ साली राष्ट्रीय महिला विजेती, २०२३ साली आशियाई विजेती, जून २०२४ मध्ये गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींत जगज्जेती. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले तेव्हा तिसऱ्या पटावरील वैयक्तिक सुवर्णही तिचेच. अकरा डावांत साडेनऊ गुण हा तिचा हिशेब होता. याच शहराचा रौनक साधवानी २०१९ साली वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला होता, आणि संकल्प गुप्ता याने २०२१ साली तीच पदवी मिळविली. तेव्हा ज्या शहरास बाहेरचे लोक संत्र्यांवरून ओळखतात तेथे बुद्धिबळाचे बी अगोदरच रुजलेले होते, हे उघड आहे.

परंतु या यशोमालिकेच्या मध्यावर एक प्रकरण आहे, आणि प्रेक्षकांच्या इतिहासात आम्ही त्यास सर्वांत मोठे स्थान देतो. २०२४ सालच्या जानेवारीत हॉलंडच्या समुद्रकिनाऱ्यावरील विक आन झे येथे दिव्या पुरुषांबरोबर एका बलाढ्य स्पर्धेत खेळली. क्रमांक खालचाच आला. तथापि काही डाव तिच्या मनासारखे झाले होते. स्पर्धा संपल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की, पाहणाऱ्यांचे लक्ष डावाकडे नव्हतेच. ते आपल्या कपड्यांकडे, केसांकडे आणि उच्चारांकडे होते. पुरुष खेळाडूंच्या मुलाखती घेतल्या जातात तेव्हा चर्चा खेळाची होते, आणि स्त्रियांच्या बाबतीत मात्र खेळ सोडून इतर सर्व गोष्टींची. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती.

हे वाचून आम्हांस रोहिणी खाडिलकरांचे १९७६ साल आठवते. अठ्ठेचाळीस वर्षांत दार उघडले, परंतु दारातून आत आलेल्या मुलीकडे पाहण्याची रीत मात्र बदलली नाही. पूर्वी तिला ‘बसू नको’ म्हणत. आता बसू देतात आणि तिच्या चालीऐवजी तिच्या वेषाची चिकित्सा करतात. नायडूंनी लॉर्ड्सवर कोणत्या सुताचा सदरा घातला होता, याची चौकशी नागपूरच्या वाचनालयात कोणी केली असेल असे वाटत नाही. शिवाय पूर्वीच्या प्रेक्षकास जे साधन नव्हते ते आताच्यास आहे. तो बसल्या जागेवरून आपले मत थेट खेळाडूच्या हातातील यंत्रावर पाठवू शकतो. मधली ती उपकारक रात्र नाहीशी झाली आहे.

आता बाटुमीकडे वळू. ५ जुलै २०२५ रोजी सुरू झालेल्या या स्पर्धेत शंभराहून अधिक स्त्रिया होत्या. पद्धत बाद फेरीची: दोन डाव सावकाश वेळेचे, बरोबरी झाल्यास जलद डाव, आणि हरेल तो घरी. दिव्यास मानांकन पंधरावे होते. चौथ्या फेरीत चीनच्या झू जिनर हिच्याशी गाठ पडली. तिचे मानांकन दुसरे. ती हरली. उपांत्यपूर्व फेरीत स्वदेशाच्याच द्रोणवल्ली हारिका यांचा जलद डावांत पराभव झाला. उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयी यांच्याविरुद्ध एक डाव बरोबरीत सुटला आणि दुसरा एकशे एक चालींपर्यंत चालून दिव्याने जिंकला. एकशे एक चालींचा डाव म्हणजे काय, हे ज्यांनी एकदा तरी तासन्‌तास पटावर मान मोडली आहे त्यांनाच कळेल. तेथे बुद्धीइतकीच पाठीच्या कण्याची परीक्षा असते.

बाटुमीचे घड्याळ आपल्याहून दीड तासाने मागे. त्यामुळे तेथे दुपारी डाव मांडला जाई तेव्हा नागपुरात कामावरून परतण्याची वेळ झालेली असे. पट प्रत्येकाच्या हातात, चाल पडल्याक्षणी दिसे. आणि पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते, तिजविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. गणकयंत्र प्रत्येक स्थितीचा हिशेब करून कोणाची बाजू किती वरचढ हे या पट्टीवर दाखविते. पांढरा रंग वर चढला की पांढऱ्याचे बरे, काळा उतरला की काळ्याचे. याचा परिणाम असा होतो की, ज्यास घोड्याची अडीच घरांची चालही नीटशी ठाऊक नाही असा गृहस्थ पट्टीकडे पाहून ‘अरेरे, चुकली!’ असे म्हणू शकतो. जगातील उत्तम खेळाडूस वीस मिनिटे विचार करून जे दिसले नाही ते यास क्षणात दिसते, आणि ते यंत्राने दाखविले आहे हे तो सोयीस्करपणे विसरतो. तारेची वाट पाहणारा प्रेक्षक अज्ञानी असला तरी नम्र होता. पट्टी पाहणारा तितकाच अज्ञानी असून न्यायाधीश झाला आहे. ज्यांना खेळ खरोखर शिकावयाचा असेल त्यांनी पट्टी झाकून पाहावे, स्वतः चाल योजावी, आणि मग खेळाडूची चाल पाहावी, असे आम्ही सुचवितो. तसे केल्यास दहा मिनिटांत त्यांच्या मनात खेळाडूविषयी आदर उत्पन्न होईल.

अंतिम सामना कोनेरू हंपी यांच्याशी होता. येथे आपल्या प्रेक्षकांची खरी पंचाईत झाली, कारण प्रतिस्पर्धी परकी नव्हती. हंपी २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाल्या; ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. दिव्याचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. ज्या वाटेने दिव्या चालली ती वाट हंपींनी मोडून काढलेली होती. २६ व २७ जुलैचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै रोजी पंधरा मिनिटांचे जलद डाव झाले. पहिला पुन्हा बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन खेळणाऱ्या दिव्याने वेळेच्या ओढाताणीत हंपींकडून झालेल्या चुकीचा लाभ घेऊन डाव जिंकला. जिंकल्यावर ती रडली आणि आईच्या गळ्यात पडली. ग्रँडमास्टर होण्यास सामान्यतः तीन ठिकाणी ठराविक दर्जाची कामगिरी व २५०० चे गुणांकन लागते. यांपैकी एकही कामगिरी पदरी नसताना या विजयाने ती पदवी तिला थेट मिळाली. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, आणि स्त्रियांपैकी चौथी. आपले पहिले गुरू राहुल जोशी यांची ही इच्छा होती आणि ते २०२० साली वारले, म्हणून हा विजय त्यांना अर्पण, असे तिने नागपुरास परतल्यावर सांगितले. स्वागताच्या गर्दीत तिला त्यांचे स्मरण राहिले, हे आम्हांस विजयाइतकेच मोलाचे वाटते.

विमानतळावर लोटलेली गर्दी, हारतुरे, सत्कार, महाराष्ट्र शासनाचे तीन कोटी रुपयांचे पारितोषिक, हे सर्व यथायोग्य झाले. ज्या देशात सुलतानखान विस्मृतीत गेले तेथे एका मुलीच्या बुद्धीचे इतके कौतुक व्हावे, ही प्रगतीच होय. परंतु त्याच वर्षीच्या सप्टेंबरात समरकंद येथे ती महिलांच्या गटाऐवजी खुल्या गटात उतरली, आणि नोव्हेंबरात गोव्यातील खुल्या विश्वचषकात पहिल्याच फेरीत पराभूत झाली. तेव्हा पुन्हा ती दोन सर्वनामे कानी पडू लागली. जुलैत ‘आपण’ जिंकलो होतो. नोव्हेंबरात ‘ती’ हरली. स्त्रियांच्या गटात राहून सोपे यश घेण्याचा मार्ग मोकळा असताना तिने बलिष्ठांत बसून शिकण्याचा अवघड मार्ग घेतला, हे ओळखणारे प्रेक्षक थोडे निघाले. तरुण खेळाडूची प्रगती ही चढत्या जिन्यासारखी नसते. ती ओढ्यासारखी असते. कोठे वळते, कोठे दिसेनाशी होते. ज्यास केवळ विजयाचीच भूक आहे त्याने निकाल वाचावेत, त्यास डाव पाहण्याची आवश्यकता नाही.

मग प्रेक्षकांचे प्रेम म्हणजे निव्वळ उपद्रवच काय? नाही. याचे उत्तर ज्या देशात दिव्या जिंकली त्या जॉर्जियानेच देऊन ठेविले आहे. तेथील नोना गाप्रिंदाश्विली १९६२ साली जगज्जेती झाली व १९७८ पर्यंत ते पद तिने राखले. ग्रँडमास्टर ही पदवी मिळविणारी ती जगातील पहिली स्त्री. तिच्यामागून त्याच देशाची माया चिबुर्दानिद्झे आली आणि १९९१ पर्यंत जगज्जेती राहिली. एका लहानशा देशाने जवळजवळ तीस वर्षे हे पद आपल्या हाती ठेविले, आणि स्वतंत्र झाल्यावर १९९२, १९९४ व १९९६ अशी लागोपाठ तीन महिला ऑलिंपियाडे जिंकली. हे केवळ टाळ्यांनी झाले नाही. नोनाकडे पाहणाऱ्या लोकांनी आपल्या मुलींपुढे पट मांडले, त्यांना शिक्षक दिले, आणि मुलीने तासन्‌तास पटावर बसणे हे घरात स्वाभाविक मानले. तेथील प्रेक्षक पालक झाले.

आमच्या मते नागपूरपुढे आज हाच प्रश्न आहे. विमानतळावर उभ्या राहिलेल्या हजारो जणांपैकी किती जणांच्या घरी दुसऱ्या दिवशी पट मांडला गेला? शाळेच्या वेळापत्रकात, मोहल्ल्यातील वाचनालयात, उन्हाळ्याच्या सुटीत मुलींसाठी शिकवणाऱ्याची सोय किती ठिकाणी झाली? ज्या मुलीस स्पर्धेस परगावी जावयाचे आहे तिच्याबरोबर आई किंवा बाप जाऊ शकेल अशी किती कुटुंबांची ऐपत आहे, आणि ज्यांची नाही त्यांच्यासाठी कोण पुढे येणार? दिव्याचे आईबाप डॉक्टर होते. पुढची मुलगी कदाचित रिक्षावाल्याची असेल. तिचे गुण ओळखण्यास कोणी नसेल तर ती फातिमाबाईंच्या वाटेने जाईल, आणि आपणांस तिचे नावही कळणार नाही.

नायडूंच्या काळी नागपूरकर दूरच्या खेळाविषयी फारसे काही करू शकत नव्हते. तार आली म्हणजे आनंद मानणे एवढेच त्यांच्या हाती होते. आजच्या प्रेक्षकाच्या हाती पुष्कळ आहे. डावाकडे पाहावे, वेषाकडे नव्हे. पराजयातही ‘आपण’ म्हणावे. आणि आपल्या घरातील, आळीतील एखाद्या मुलीसमोर चौसष्ट घरांचा पट ठेवून तिला विचार करण्यास निवांत वेळ द्यावा. ती विचारात पडलेली असताना तिला पाणी आणावयास मात्र सांगू नये.